इंजिनांच्या दारात चौदा महिने

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय २९, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. आपला एक गेम बनवायचा हे शाळेपासून मनात आहे: शिवकाळातला, किल्ल्यांवर मोकळं फिरता येईल असा, थ्रीडी आणि पूर्ण मराठीत. दिवाळीच्या बोनसमधून त्यासाठी लॅपटॉप घेतला, ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. मुलगी झोपल्यावर साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. गेले चौदा महिने हा वेळ कोणतं गेम इंजिन (गेम बनवायचं तयार साधन) घ्यावं, या शोधात गेला. आधी युनिटीचा कोर्स निम्म्यावर आणला, तेवढ्यात २०२३ मधल्या फीच्या वादाबद्दल वाचलं आणि सोडून दिला. मग अनरियल घेतलं, तर लॅपटॉप तापून अडकायला लागला. मग गोडो. आठवडाभर बरं चाललं, पण पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणाला, "त्यात नोकऱ्या नाहीत, शिकायचं तर युनिटीच शीक." आता पुन्हा तुलनेचे व्हिडिओ सुरू आहेत. ते विचारतात: "ताई, एकदाच काय ते सांगा, कोणतं इंजिन घेऊ? चुकीचं निवडलं तर पुन्हा पहिल्यापासून शिकायची ताकद नाही. हे चौदा महिने वाया गेले का? आणि बायको म्हणते, रोज रात्री काय बघत बसता, एकदा दाखवा तरी. तिला काय दाखवू?"

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. तुमचा लॅपटॉप, तुमचा दीड तास आणि तुमची मराठी, या तिन्ही गोष्टी धरल्या तर गोडो घ्या. चौथ्या पिढीची जी स्थिर आवृत्ती आज मिळेल ती घ्या आणि टूडीपासून सुरुवात करा. पण एवढंच लिहून थांबले, तर तीन महिन्यांनी आणखी कुणी भाऊ आणखी एक नाव सांगेल आणि तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे राहाल. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट टोचली. इंजिनांची नावं जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहेत. किल्ले आहेत, मावळे आहेत, धुकंसुद्धा आहे. पण तुमचा गेम सुरू झाल्यावर खेळणारा माणूस करतो काय, हे एकाही ओळीत नाही. तो चढतो की लपतो? पळतो, की वाट शोधतो? बटण दाबल्यावर काय होतं, आणि ते पुन्हा पुन्हा करावंसं का वाटतं? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर कोणतंही इंजिन तुम्हाला बरोबर वाटणार नाही, कारण कशासाठी बरोबर, हेच अजून ठरलेलं नाही.

इंजिन म्हणजे प्रत्येक गेमला लागणाऱ्या सारख्या कामांची तयार सोय. पडद्यावर चित्र काढणं, कीबोर्ड आणि टच ओळखणं, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की कळवणं, आवाज वाजवणं, शेवटी विंडोजसाठी, फोनसाठी किंवा ब्राउझरसाठी फाइल बांधून देणं. तिथे त्याचं काम संपतं. बालाट्रो हा पत्त्यांचा गेम २०२४ मध्ये जगभर गाजला; तो लव्ह नावाच्या लहानशा, कोडवरच चालणाऱ्या साधनात एकाच माणसाने केलेला आहे. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स पहिल्यांदा बनला तो ब्राउझरच्या गेमसाठी असलेल्या फेझरमध्ये, युनिटीत तो नंतर गेला. अंडरटेल गेममेकरमध्ये झाला. स्टारड्यू व्हॅली करणाऱ्या एरिक बॅरोनने तर तयार इंजिन घेतलंच नाही. एक्सएनए नावाच्या साध्या पायावर साडेचार वर्षं एकट्याने बांधत राहिला. या सगळ्यांना आपल्या गेममध्ये हात काय करणार, हे पक्कं माहीत होतं. साधन त्यामागून आलं.

आता तुमची भीती: "चुकीचं निवडलं तर पुन्हा पहिल्यापासून." तुम्ही पतसंस्थेत आहात, म्हणून तुमच्याच कामातलं विचारते. ज्याला जमा-नावे कळतं, त्याच्यासमोर उद्या नवं सॉफ्टवेअर ठेवलं तर काय होतं? आठवडाभर बटणं सापडत नाहीत, चिडचिड होते, पण हिशेब नव्याने शिकावा लागत नाही. इथेही तसंच आहे. एक लहान उदाहरण देते. पडद्यावर दर सेकंदाला अनेकदा नव्याने उमटणारं चित्र म्हणजे फ्रेम. "दर फ्रेमला ५ पिक्सेल उजवीकडे सरक" असं लिहिलंत, तर ६० फ्रेमच्या स्क्रीनवर तुमचा मावळा सेकंदाला ३०० पिक्सेल धावतो, आणि १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर तोच मावळा ७२० पिक्सेल. म्हणजे मित्राच्या लॅपटॉपवर तुमचा गेम जवळजवळ अडीच पटीने उधळतो. उपाय असा की मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला, त्याने वेगाला गुणायचं. गोडोत त्या वेळेला डेल्टा म्हणतात, युनिटीत डेल्टाटाइम, अनरियलमध्ये डेल्टासेकंद्स. एकदा समजलं की तिन्हीकडे समजलं. आदळणं ओळखण्याचे थर, पात्र उभं-चालतं-पडतं या अवस्था, कॅमेरा मागे कसा फिरवायचा, सेव्ह कसं करायचं, सगळं असंच सोबत येतं. मागे राहतात त्या मेनूच्या जागा.

चौदा महिने वाया गेले का, याचं उत्तर निम्मं इथे आलं. निम्म्या कोर्समुळे तुम्हाला कोड वाचता येतो; गोडोचा तो आठवडा बरा गेला त्यामागे युनिटीची शिदोरी होती. पण उरलेलं निम्मं उत्तर कडू आहे आणि तेही सांगायला हवं. तुलनेचे व्हिडिओ बघताना आपण काम करतोय असं मनापासून वाटतं. दिवसभर थकलेल्या माणसाला त्यातून समाधानही मिळतं, कारण तिथे काही चुकत नाही. आपण केलेलं काहीतरी पडद्यावर बेढब दिसतंय, हे बघायची वेळच येत नाही. ती वेळ तुम्ही पुढे ढकलत आहात असं मला वाटतं. आपली आवड फार जिव्हाळ्याची असते, म्हणून ती बेढब दिसण्याची भीतीही तेवढीच मोठी असते. माझंही झालं होतं तसं. एका मोठ्या साहसी गेमच्या मागे मी दोन वर्षं होते. पात्राच्या झोळीत वस्तू कशा ठेवायच्या, याची व्यवस्था तेवढी झाली होती, पण झोळी घेऊन जायला दुसरी जागाच नव्हती. शेवटी तो बाजूला ठेवला आणि लगोरीचा गेम केला: सात ठिकऱ्या, एक चेंडू, एक भिंत. पाच आठवडे लागले. त्यातले तीन आठवडे खेळ तयार करण्यात गेले आणि दोन आठवडे थांबवायचं बटण, पुन्हा सुरू करायचं बटण, आवाज आणि "जिंकलात" ही पाटी यांत. भाचीच्या हातात दिला, तर तिने दुसऱ्याच मिनिटाला चेंडू ठिकरी आणि भिंतीच्या मध्ये अडकवून ठेवला. त्या एका संध्याकाळी मला जे कळलं ते त्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

युनिटीच्या फीचं काय झालं तेही नीट सांगते, कारण अनेक वाचक अजून त्याच धास्तीत आहेत. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल त्यावर पैसे लागतील. ते सुरू होण्याची मर्यादा मोफत आवृत्तीसाठीही वर्षाला २ लाख डॉलर कमाई आणि एकूण २ लाख इन्स्टॉल अशी दुहेरी होती. गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सैल केल्या, ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिचिटिएलो गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ही फी गेमसाठी पूर्ण रद्द झाली. म्हणजे तुम्ही ज्या भीतीने कोर्स सोडलात ती तुमच्यापर्यंत कधी पोचणारच नव्हती. तरीही चिडलेल्या लोकांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. खेळ अर्धा झाल्यावर नियम बदलले, तर विश्वास जातोच. गोडोचा परवाना एमआयटी नावाचा, म्हणजे कुणालाही मोफत आणि मोकळेपणाने वापरू देणारा आहे. २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी गोडो सगळ्यांसाठी खुला केला. आज तुमच्या लॅपटॉपवर असलेली प्रत उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही आणि कमाईत वाटाही मागत नाही. अनरियलमध्ये एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरपर्यंत काही द्यावं लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के. हौसेने करणाऱ्या माणसाने या आकड्यांवरून इंजिन निवडू नये. कोणत्याही मर्यादेपासून आपण फार दूर आहोत.

चुलतभावाबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. आपल्याकडच्या मोबाइल गेम करणाऱ्या कंपन्यांत युनिटी येणाऱ्यांना मागणी असते, हे खरं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने राजी हा गेम अनरियलवर केला, २०२० मध्ये तो आला आणि बाहेरच्या देशांतही खेळला गेला. म्हणजे तिथेही वाट आहे. पण तुम्ही नोकरीबद्दल विचारलंच कुठे होतं? भजनी मंडळात पखवाज शिकायला जाणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की यात पुढे स्कोप आहे का. तुमची रात्रीची दीड तासाची जागा तशीच आहे. तिला पगाराचं कारण जोडायची गरज नाही. उद्या खरंच नोकरी बदलावीशी वाटली, तर तेव्हा युनिटी शिका. मुलाखत घेणारा आधी "काय पूर्ण केलंय ते दाखवा" असंच म्हणेल, आणि पूर्ण केलेला गोडोचा गेम हा अर्ध्या सोडलेल्या युनिटीच्या कोर्सपेक्षा तिथेही जड भरतो.

आता इंजिन निवडताना ज्या गोष्टी खरंच बघाव्यात त्यांच्याकडे येते.

पहिली, तुमची मशीन. अनरियल अडकलं यात तुमचं काही चुकलेलं नाही. ते बनवणारी कंपनीच काम करण्यासाठी ३२ जीबी रॅम सुचवते, तुमच्याकडे त्याचा चौथा हिस्सा आहे. युनिटी चालेल, पण कोडमध्ये एक ओळ बदलली की वाट बघायची, चालवून बघायला पुन्हा वाट बघायची. दिवसभर मोकळं असणाऱ्याला ते चालतं. तुमच्याकडे ९० मिनिटं आहेत, त्यातली वीस मिनिटं लोडिंगची पट्टी सरकताना बघण्यात गेली तर उरलं काय? गोडोचं डाउनलोड शंभर एमबीच्या आतबाहेर असतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडायची की सुरू. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, कोणता हवा ते विचारतो, तिथे कॉम्पॅटिबिलिटी निवडा. साध्या ग्राफिक्सच्या लॅपटॉपला तोच झेपतो, आणि पुढे गेम ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर तोच लागतो.

दुसरी गोष्ट तुलनेच्या व्हिडिओंमध्ये क्वचितच येते, कारण ते करणाऱ्यांना तिची गरजच पडत नाही. ती म्हणजे देवनागरी. "किल्ला" हा शब्द कॉम्प्युटरमध्ये साठवला जातो तो क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ल, हलन्त, पुन्हा ल आणि काना, या क्रमाने. आपण वाचताना मात्र वेलांटी क च्या आधी दिसली पाहिजे आणि दोन ल एकमेकांत मिसळले पाहिजेत. हे जुळवून देणारी व्यवस्था नसेल, तर वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि पहिल्या ल खाली पाय मोडलेला दिसतो. "दुर्ग" मधला रफार ग च्या डोक्यावर जातच नाही. क्रोम आणि अँड्रॉइड हे काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडून, म्हणजे तयार कोडच्या संचाकडून, करून घेतात. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या गोडो ४ मध्ये तीच बसवली आहे, म्हणून तिथे मराठी सरळ लिहिता येते. गोडो ३ मध्ये ही सोय नव्हती. अनरियलमध्ये आहे. युनिटीत मात्र बहुतेक कोर्स मजकूर दाखवणाऱ्या ज्या टेक्स्टमेशप्रोवर बेतलेले असतात, त्यात देवनागरी तुटते. कुणी तयार चित्रं लावून, कुणी वेगळं प्लगिन घेऊन मार्ग काढतं. युनिटीच्या नव्या आवृत्त्यांत यावर काम झालं आहे, पण शिकणाऱ्याला ते शोधत बसावं लागतं. तुमचा गेम "पूर्ण मराठीत" असणार आहे. तुमच्यासाठी ही बारीकसारीक बाब नाही.

पहिल्याच दिवशी एक चाचणी घ्या. पडद्यावर एक लेबल, म्हणजे मजकुराची चौकट, टाका आणि त्यात लिहा: किल्ला, दुर्ग, क्षत्रिय, ज्ञानेश्वर, दऱ्याखोऱ्या. शेवटच्या शब्दातला ऱ्या नीट आला की बहुतेक सगळं नीट येतं. फॉन्टची फाइल प्रोजेक्टच्या आतच ठेवा. ठेवली नाही, तर तुमच्याकडे सुरेख दिसणारा मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर किंवा ब्राउझरमध्ये नुसते चौकोन होऊन येऊ शकतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. आणि संवाद एकेक अक्षर उमटत यावेत असं वाटत असेल, तर लेबलमध्ये दिसणारी अक्षरं मोजायच्या सेटिंगला "आफ्टर शेपिंग" हा पर्याय आहे, तो निवडा. एरवी अर्धवट शब्द पुन्हा पुन्हा आकार बदलताना दिसतो आणि डोळ्यांना त्रास होतो.

गोडोत उणिवा आहेत, त्याही माहीत असू द्या. प्लेस्टेशन किंवा स्विचवर गेम न्यायचा तर मधल्या कंपनीची मदत लागते. तुम्हाला त्याची आज गरज नाही. मोठ्या थ्रीडी जगासाठी अनरियल पुष्कळ पुढे आहे. आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात ते जुने धडे. व्हिडिओत पात्रासाठी "किनेमॅटिकबॉडी टूडी" घ्या म्हटलं, की समजा तो तिसऱ्या आवृत्तीचा आहे. चौथीत त्याचं नाव "कॅरेक्टरबॉडी टूडी" झालं आणि ते वापरायची पद्धतही बदलली. असा व्हिडिओ दिसला की बंद करा. कितीतरी जण तिथेच अडकतात आणि आपल्याला हे जमणारच नाही असं मानून बसतात. भाषा गोडोची स्वतःची जीडीस्क्रिप्टच घ्या, युनिटीतली सी-शार्प थोडी येत असली तरी. गोडोबरोबरची बहुतेक शिकवणी जीडीस्क्रिप्टमध्येच आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांची परिस्थिती वेगळी असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. कोड लिहायचाच नसेल तर जीडेव्हलप बघा, तो खुला आहे आणि "असं झालं तर असं कर" अशा ओळी जुळवून चालतो. गोष्ट सांगायची असेल, संवाद आणि निवडी हाच खेळ असेल, तर रेनपाय किंवा ट्वाइन. त्यासाठी मोठं इंजिन घेणं म्हणजे कपभर चहासाठी भट्टी पेटवणं. गेममेकर नोव्हेंबर २०२३ पासून विक्रीसाठी नसलेल्या कामाला मोफत आहे. घरी दणकट मशीन आहे आणि दृश्यांचंच वेड आहे, तर अनरियल जरूर घ्या. त्यातल्या ब्लूप्रिंटमुळे चौकटी जोडूनही पुष्कळ करता येतं. युनिटी ज्यांचं नीट चाललंय त्यांनी माझं हे पत्र वाचून ती सोडू नये.

आता तुमच्या गेमबद्दल. मोकळ्या किल्ल्याचं स्वप्न सोडा असं मी म्हणणार नाही. त्यातला एक तुकडा कापून घ्या म्हणते. मला तुमचं पत्र वाचताना हिरकणी आठवली. कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, खाली तान्हं बाळ आणि मध्ये एक कडा. विचार करा, यात गेमला लागणारं सगळं आहे. एकच जागा, एकच पात्र, वरून खाली जायचं आहे, आणि का जायचं ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फौज लागत नाही, तलवार लागत नाही, फिरायला मोकळं जग लागत नाही. हाताची पकड दर क्षणाला थोडी सैल होत जाते. कपारीत टेकलं की परत येते. ढग चंद्रावर आला की पुढचे दगड दिसेनासे होतात, तेव्हा थांबायचं की आठवणीवर पाय टाकायचा, हा खेळणाऱ्याचा प्रश्न. खाली जावं तसा बाळाच्या रडण्याचा आवाज मोठा होतो. वाट चुकली तर बारीक होतो, म्हणजे नकाशाचं काम तो आवाजच करतो. तुम्हाला दुसरं काही सुचलं तर ते घ्या, पण आकार एवढाच ठेवा.

पहिल्या रात्री हिरकणी काढू नका. एक पांढरा चौकोन म्हणजे हिरकणी, करडे चौकोन म्हणजे दगड. बाण दाबला की पांढरा चौकोन जवळच्या दगडाला धरतो, सोडला की पडतो. बस. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पकडीची पट्टी. आठवडाभराने ढग. चौकोनांशी खेळताना हाताला घाम आला, "अजून एकदा" असं वाटलं, तर मग चित्रं आणि आवाज. नाही वाटलं, तर दगडांमधलं अंतर बदला, पकड सैल होण्याचा वेग बदला. चित्रं घालून तो कंटाळा झाकला जात नाही, हे मी पुरेसा वेळ घालवून शिकले आहे. सहा आठवडे धरा. शेवटचे दोन सुरुवातीचा पडदा, शेवट, पुन्हा सुरू करायचं बटण यांसाठी राखून ठेवा. ते कंटाळवाणं काम असतं, पण तिथपर्यंत गेल्याशिवाय गेम झाला असं म्हणता येत नाही.

झाला की इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर टाका. २०१३ पासून जगभरातले हौशी लोक तिथेच टाकतात, पैसे लागत नाहीत, आणि ब्राउझरमध्येच खेळता येतो, म्हणून तुमच्या पतसंस्थेतला सहकारीसुद्धा फोनवर दुवा उघडून खेळू शकेल. फक्त बाणांऐवजी टचने चालेल असं बघा. पानावरचं वर्णन मराठीत लिहा. प्ले स्टोअरची घाई करू नका. तिथे एकदाच २५ डॉलर भरावे लागतात हे एक, आणि नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. तेवढी माणसं तुम्हाला इचवरूनच मिळतील.

मध्येच पुन्हा इंजिन बदलावंसं वाटेल, ते वाटणारच. त्यासाठी एक अट घाला स्वतःला. दोन लहान गेम पूर्ण झाल्याशिवाय बदलायचं नाही, आणि तेव्हाही बदलण्याचं कारण एका वाक्यात, आपल्या गेमचं नाव घेऊन, लिहिता आलं पाहिजे. "हिरकणीच्या पुढच्या भागात मला अख्खा गड थ्रीडीत फिरवायचा आहे आणि इथे तो अडखळतोय," हे कारण झालं. "सगळे म्हणतायत," हे नाही झालं.

मोठ्या गेमसाठी एक वही मात्र आजपासून ठेवा. अजिंक्यतारा तुमच्या जिल्ह्यातलाच. रविवारी मुलीला घेऊन जा, पायऱ्यांची उंची मोजा, दरवाज्याच्या आत वळण कसं घेतलंय ते कागदावर काढा, तटावरच्या वाऱ्याचा आवाज फोनवर पकडा. तो आवाज तुम्हाला याच गेममध्ये लागेल.

राहिला पत्नीचा प्रश्न. येत्या आठवड्यात ज्या रात्री तो पांढरा चौकोन पहिला दगड सोडून दुसरा धरेल, त्याच रात्री लॅपटॉप त्यांच्याकडे वळवा. "अजून झालेला नाही" असं म्हणू नका, गोष्टही सांगू नका. कोणते बाण दाबायचे तेवढं सांगा आणि शेजारी गप्प बसा. त्या कुठे अडतात, कुठे दोनदा पडतात, कोणता दगड त्यांना दिसतच नाही, ते वहीत लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला सुरुवात त्या यादीपासून करा.